सतवंतचं पान

"आधी हात धुऊन ये," बसंतबीजी म्हणाली. "साबणानं धू. आणि डोकं झाक."

मी शाळेतून थेट तिच्या दुकानात आले होते. बोटांना खडू, ओढणी पिशवीत कोंबलेली. बीजीचं दुकान रजया-गाद्या भरायचं. पुढं पिंजलेल्या कापसाचा ढीग, त्याच्यामागं ती, आणि कापूस तिच्या भुवयांपर्यंत पोचलेला. मी मोरीत हात धुतले, ओढणी डोक्यावर घेतली आणि तिच्यासमोर सतरंजीवर बसले. तिनं स्टुलावर चढून उंच फळीवरची पोथी काढली, पिवळं कापड सोडलं, पोथी कपाळाला लावली आणि माझ्या ओंजळीत दिली.

"शेवटचं पान उघड."

पोथी हातानं लिहिलेली, गुरुमुखीतली. कडा झिजलेल्या, शिवण सुटलेली. शेवटच्या पानावर मात्र उर्दू होतं. काळ्या शाईतल्या बारा-तेरा ओळी, शेवटाकडं तिरक्या होत गेलेल्या.

"बापूंचं अक्षर आहे," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचं लिहिलंय त्यात. सतवंतचं. काय लिहिलंय ते वाचून आणून दे मला."

"मला उर्दू कुठं येतं, बीजी?"

"तुला नाही येत, पालो, तुझ्या ओळखीच्यांना येतं. तुमच्या शाळेला लागून उर्दू शाळा आहे ना? तिथल्या मास्तरांना दाखव. बाहेरच्या माणसाला दाखव, आपल्यातल्या कुणाला नको. आणि वीरजीला, माझ्या भावाला, तर नकोच नको. कबूल?"

मी कबूल म्हटलं. म्हणायला काय जातं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट, गणपतीच्या आसपासची. आमची कॉलनी नगरच्या लष्करी भागाला लागून आहे. फाळणीच्या वेळी रावळपिंडीकडची चाळीसेक शीख कुटुंबं इथल्या रिकाम्या बराकींत आणून सोडली होती, त्यांचीच पुढं कॉलनी झाली. माझा जन्म इथला. घरात पंजाबी, बाहेर मराठी, आणि भांडताना जी आधी सुचेल ती. मी नगरपालिकेच्या शाळेत इतिहास शिकवायची. त्या वर्षी इकडं येण्याला पन्नास वर्षं झाली म्हणून गुरुद्वाऱ्याच्या कमिटीनं ठरवलं, की घराघरांतून जुन्या वस्तू, कागद, आठवणी मागायच्या आणि लंगरच्या मागच्या हॉलमध्ये त्यांचं कायमचं दालन करायचं. ते काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी ते पडू दिलं. शाळेत माझा इतिहास पोरांच्या एका कानानं आत जायचा आणि दुसऱ्यानं बाहेर, इथं निदान माणसं मला बोलावून चहा पाजत होती.

लोकांनी हात आखडता घेतला नाही. कुणी पिंडीच्या, म्हणजे रावळपिंडीच्या, घराची किल्ली आणली, कुणी छावणीतलं रेशनकार्ड, कुणी चुलीवर काळी पडलेली परात. एका गृहस्थांनी बासष्ट साली नगरच्याच बाजारात घेतलेला रेडिओ आणला आणि तो ठेवणार नाही म्हटल्यावर महिनाभर माझ्याशी अबोला धरला. मी एकेका वस्तूला चिठ्ठी बांधायची, देणाऱ्याचं बोलणं वहीत उतरवून घ्यायची. दाराजवळ एक मोठा फळा करायचा ठरला होता, तिकडं मारले गेलेल्यांच्या नावांचा. वर 'शहीद' असा शब्द आणि खाली एकतीस नावं. यादी मीच केली होती. त्यात तिसरं नाव सतवंत कौरचं होतं.

"ते नाव तू कुणाला विचारून लिहिलंस?" बीजीनं मला त्या दिवशी विचारलं.

"प्रधानजींना. त्यांची सख्खी बहीण ना ती."

"माझी पण सख्खीच."

प्रधानजी म्हणजे हुकमसिंग, बीजीचा मोठा भाऊ, गुरुद्वारा कमिटीचा अध्यक्ष. ट्रकचा धंदा करून मोठा झालेला माणूस. पांढरीशुभ्र दाढी, कडक इस्त्रीची पगडी. कॉलनीत कुणाच्या मुलीचं लग्न अडलं की हा उभा राहायचा, त्यामुळं त्याच्या शब्दापुढं कुणी जात नसे. माझे वडील गेल्यावर माझी बी.एड.ची फी त्यानंच भरली होती. मला तो पुत्तर म्हणायचा आणि मला ते आवडायचं.

बीजी टाके घालता घालता बोलत होती. तिचं बोलणं पंजाबी, पण मन दुखलं की ती मराठीवर यायची, तीही पिंजाऱ्यांकडून आणि बाजारातून उचललेल्या मराठीवर.

"म्या तवा अकरा वर्साची व्हते," ती म्हणाली. "सतवंत सतराची. तिला ताप व्हता. ट्रक आला, लोक म्हनले लवकर चला. बापूनं मला न् आईला वर चढवलं. सतवंतचा हात धरला न् मागच्या दारानं गेले. वीरजी संगं गेला. घंट्याभरानं दोघंच आले. म्हनले, बायांसंगं हिरीत उडी घेतली तिनं, आब राखली. आईनं तोंडात पदर कोंबला. पालो, हीर व्हती आमच्या पुढच्या दाराकडं. बापू गेले मागच्या दारानं. तिकडं कुंभारांची घरं व्हती. मुसलमान कुंभारांची."

"तू हे कधी बोलली नाहीस."

"कुणापाशी बोलू?" ती पुन्हा पंजाबीवर आली. "वहिनी गेल्या थंडीत वारली. जायच्या आधी चार दिवस तिनं ही पोथी गुपचूप माझ्या पिशवीत घातली. वीरजीच्या घरात होती ती इतकी वर्षं. म्हणाली, शेवटचं पान वाचून घे, तुझी बहीण कुठं ठेवली ते आहे त्यात. मी जन्मभर तोंड शिवून बसले, आता देवाला काय सांगू. एवढंच बोलली ती."

नोव्हेंबरात यात्रेकरूंचा जत्था पाकिस्तानात जाणार होता, ननकाणा साहेबच्या आणि तिथून पंजा साहेबच्या गुरुद्वाऱ्याला. पंजा साहेब पिंडीच्या जवळ. बीजीनं नाव घातलं होतं, पासपोर्ट झाला होता. तिला ते पान त्यासाठी हवं होतं. कुंभाराचं नाव कळलं असतं तर तिथं कुणाच्या तरी हातापाया पडून तिनं निरोप धाडला असता. सतवंत असलीच तर सदुसष्ट वर्षांची असणार होती.

मी पोथी घरी नेली, कपाटाच्या वरच्या कप्प्यात स्वच्छ कापडावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उर्दू शाळेत गेले. मोमीन मास्तर रजेवर होते. मुलीच्या बाळंतपणाला परभणीला गेलेले, दोन आठवड्यांनी येणार.

आता मला कुणी विचारेल, की नगरात उर्दू वाचणारे ते एकटेच होते का? नव्हते. आमच्या चौकातला शिंपी उर्दू वर्तमानपत्र वाचायचा. घड्याळ दुरुस्त करणारे चाचा होते. पण मला संकोच वाटला. त्या ओळींत मुसलमानांनी केलेलं काय काय लिहिलेलं असेल कोण जाणे, आणि ते मी त्यांच्याच हातात देऊन वाचा म्हणू? मास्तर शिकलेले, त्यांचं वेगळं, असं मी मनाशी म्हटलं आणि थांबले. पंधरा दिवस ते पान माझ्या घरात होतं. आजही ते पंधरा दिवस मी मोजत बसते.

मास्तरांची रजा वाढली. इकडं दसऱ्याला दालनाचं उद्घाटन ठरलं. आणि माझ्या डोक्यात दुसराच किडा शिरला. मला वाटलं, पोथी बापूंची. हुकमसिंग त्यांचा मुलगा. बापूंचं उर्दू वाचू शकणारा आमच्यातला तो शेवटचा माणूस, पिंडीच्या शाळेत उर्दूतूनच शिकलेला. त्याच्यापासून त्याच्याच बापाचं अक्षर लपवायचं म्हणजे अन्याय नाही का? भाऊ-बहीण समोरासमोर येतील, रडतील, पन्नास वर्षांची गाठ सुटेल आणि ती सोडवणारी कोण तर मी. माझ्या चांगुलपणावर मी इतकी खूश होते, की बीजीला दिलेला शब्द मला लहान वाटायला लागला.

एका संध्याकाळी मी पोथी घेऊन त्याच्याकडं गेले. तो ओसरीवर खुर्चीत बसला होता. पिवळं कापड दिसलं तसा तो उठून उभा राहिला, पायातल्या चपला बाजूला सारल्या.

"ही कुठं मिळाली, पुत्तर?"

"बसंतबीजीनं दिली. शेवटच्या पानावर बापूंनी काही लिहिलंय. ती म्हणते, सतवंतबद्दल आहे. तुम्हीच वाचू शकाल असं वाटलं."

त्यानं पोथी दोन्ही हातांनी घेतली, डोक्यावर ठेवली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. शेवटचं पान त्यानं माझ्यासमोर उघडलंच नाही.

"चष्मा बदलायला टाकलाय," तो म्हणाला. "ठेव माझ्याकडं. सावकाश वाचतो. बसंतला एवढ्यात काही बोलू नकोस. म्हाताऱ्या माणसाच्या मनाला लागतं."

त्याच्या नाकावर चष्मा होता. मी तो पाहिला आणि तरी हो म्हणून घरी आले.

आठ-नऊ दिवसांनी तो हॉलमध्ये आला. मी काचेच्या पेटीत किल्ल्या लावत होते. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. गुरुमुखीत, अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: माझी कन्या सतवंत हिनं अब्रू राखण्यासाठी गावातल्या बायकांसोबत विहिरीत प्राण दिला. वाहेगुरूनं तिला चरणी जागा द्यावी.

"बापूंच्या ओळी," तो म्हणाला. "तिच्या नावाशेजारी लाव."

"बारा-तेरा ओळी होत्या, प्रधानजी."

"बाकी पाठाबद्दल होतं. पोथी कधी वाचायला घेतली, कधी पुरी केली."

"आणि पोथी?"

"पानं गळत होती, पुत्तर. वृद्ध झाली होती. रविवारी सेवादार जुन्या पोथ्या घेऊन पंजाबला गेले, त्यांच्यासोबत दिली. परवाच संस्कार झाला, त्यांचा फोन आला होता."

आमच्यात जीर्ण पोथी रद्दीत घालत नाहीत की अडगळीत टाकत नाहीत. माणसाला द्यावा तसा तिला निरोप देतात. धुतलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून, डोक्यावरून नेऊन, अरदास, म्हणजे प्रार्थना, करून अग्नीला अर्पण करतात आणि राख वाहत्या पाण्यात सोडतात. दर वर्षी-दोन वर्षांनी आमच्या जिल्ह्यातल्या जीर्ण पोथ्या एकत्र करून अशा जात. कुणालाही विचारलं असतं तरी हुकमसिंगनं केलं ते रीतीला धरून होतं असंच उत्तर मिळालं असतं. मी भांडणार तरी कशावरून? माझ्या तोंडातून फक्त "बरं" निघालं.

"चांगलं काम करतेयस तू," तो म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला.

दोन दिवस मी बीजीच्या दुकानावरून जायचं टाळलं. लांबच्या रस्त्यानं शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी तिनंच पिंजाऱ्याबरोबर निरोप धाडला, मास्तर आले का म्हणून. मग गेले.

तो कागद मी तिच्यापुढं धरला. तिनं बोट फिरवत सावकाश वाचला. गुरुमुखी ती इथं आल्यावर गुरुद्वाऱ्यात शिकली होती.

"हे अक्षर वीरजीचं."

"हो."

"त्याला दाखवलीस तू."

"हो, बीजी."

मला वाटलं ती ओरडेल. तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"पोथी कुठाय?"

मी सांगितलं. रविवार, सेवादार, पांढरं कापड, सगळं सांगितलं. अरदास झाली हेही सांगितलं, जणू त्यानं काही कमी होणार होतं. सांगता सांगता मी रडायला लागले आणि ते मला स्वतःलाच बरं वाटेना, कारण रडायचा हक्क तिचा होता. ती हातातल्या सुईकडं बघत बसली. मग सुई रजईत टोचून ठेवली.

"म्हणजे विहिरीत नाही गेली ती," बीजी म्हणाली.

"काय?"

"विहिरीत गेली असती, तर वीरजीनं ते पान काचेत बसवून तुझ्या हॉलच्या दारात लावलं असतं. आल्या-गेल्याला दाखवलं असतं. पंजाबला कशाला धाडलं असतं?"

इतिहास शिकवायचे मी, आणि पुरावा कसा वाचायचा ते मला रजया भरणाऱ्या बाईनं दाखवलं.

"मला आतापर्यंत खात्री नव्हती," ती म्हणाली. "वहिनी तापात बोलली असेल असंही वाटायचं. आता खात्री झाली. बापूंनी तिला कुणाच्या तरी घरात ठेवली. ताप उतरला की नेऊ म्हणून ठेवली असेल. न्यायला कुणी गेलं नाही." मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुणाच्या घरात, पालो? तुझ्या हातात होतं ते पान."

याचं उत्तर फक्त एका माणसाकडं होतं. मी उठले आणि तशीच हुकमसिंगकडं गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या ओसरीवर त्यानं बस म्हणायच्या आधी बसले.

"कुंभाराचं नाव सांगा, प्रधानजी. फळ्याचं राहू द्या. कुणाला कळणार नाही. बीजीला फक्त नाव हवंय."

तो चिडला नाही. त्यानं पगडीवरून हात फिरवला, घरात कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"माझं ऐक, पुत्तर. छावणीत आलो तेव्हा लोक विचारायचे, घरातलं कोण गेलं? आम्ही सांगितलं, बहीण शहीद झाली. लोकांनी बापूंच्या पायाला हात लावला. त्यावर या घराला मान मिळाला, सोयरिकी झाल्या, मी प्रधान झालो. मेलेल्या बहिणीचा भाऊ म्हणून मी पन्नास वर्षं काढली. आता मला दुसरं काही होता येत नाही."

"आणि ती? तिनं ही पन्नास वर्षं कशी काढली असतील?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी त्याच्या बाजूनं सांगते, कारण ते खोटं नव्हतं.

"जा तू आता," तो म्हणाला.

दसऱ्याला दालन उघडलं. भाषणं झाली, हार झाले, वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत मी हुकमसिंगच्या शेजारी उभी आहे आणि मागं फळा दिसतो. त्यावरचं तिसरं नाव काढ, असं बीजीनं मला एकदाच सांगितलं होतं. जिवंत माणसाचं नाव त्यात ठेवू नये म्हणाली. मी काढलं नाही. काढलं असतं तर का काढलं ते सगळ्या कॉलनीला सांगावं लागलं असतं, आणि माझ्यात तेवढी धमक नव्हती. तो कागद तेवढा मी लावला नाही. माझं शौर्य एवढंच.

हुकमसिंग पुढं दोन वर्षांनी गेला. शेवटच्या आजारात बीजी रोज त्याच्या उशाशी बसायची. तो बोलेल म्हणून बसायची, की भाऊ म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. तो बोलला नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या नोव्हेंबरात बीजी जत्थ्याबरोबर गेली. नाव नाही, पत्ता नाही, तरी गेली. मी स्टेशनवर पोचवायला गेले तेव्हा तिनं माझ्याशी दोन शब्द बोलून डबा पिशवीत ठेवला आणि खिडकीशी बसली. पंधरा दिवसांनी परत आली. मी भेटायला गेले तेव्हा ती पूर्वीसारखीच कापसात बसली होती, थंडी सुरू झाल्यामुळं दुकानात रजयांची रांग लागलेली. तिनं मला प्रसादाचे बत्तासे दिले. मी ते हातात धरून बसले.

"गावाकडं जाता आलं?" मी शेवटी विचारलं.

"नाही सोडत. पोलीस बरोबर असतात. पंजा साहेबच्या पुढं नाही."

"मग?"

"तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोक उभे होते, आम्हाला बघायला. बायाही होत्या, बुरख्यातल्या, चादरीतल्या. मी एकेका म्हातारीचं तोंड बघत चालले. सतवंतच्या भुवईवर जखमेची खूण होती, ती शोधत होते." तिनं रजईची कड ओढून सरळ केली. "एक म्हातारी रांगेतून पुढं आली. तिनं माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं. मी तिच्या भुवईकडं बघत होते, तीही माझ्या कानामागं कुणाची तरी खूण शोधत होती. मग तिनं नाव विचारलं, आपल्या पिंडीच्या बोलीत. मी म्हटलं, बसंत. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि माझ्यामागच्या बाईकडं गेली."